काठ बघून

वडगावात, सांबरेकरांच्या गोदामात
माझं काम साड्या तपासायचं.
मागावरून उतरलेली साडी काचेवर पसरायची,
खाली ट्यूबलाइट,
तुटलेला ताणा, सुटलेला बाणा, तेलाचा डाग
जिथं दिसेल तिथं लाल पेन्सिलीनं गोल.
सोळा वर्षं झाली.
नुसता काठ बघून एकही पास केली नाही.

दोन वर्षांपूर्वी बोटातली अंगठी निघेना झाली.
मग आवाज जड झाला,
फोनवर बहीण विचारायची, "झोपलीवतीस काय गं?"
मे महिन्यात मी स्वेटर घालून कामाला,
पोरी हसायच्या, "प्रमिलाक्का उटीला निघाली बघ."
कंगव्यात केस. फणीत केस. उशीवर केस.
आणि एकदा रुपयाएवढं भोक
माझ्या डोळ्यांखालून सरळ निघून गेलं.
साडी चिकोडीच्या दुकानातून परत आली
तेव्हा मालक काही बोलले नाहीत.
त्याचीच भीती वाटली.

एक डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा.
दुसरे म्हणाले, वय झालं की असंच.
(एकेचाळीस.)
तिसऱ्यांनी टेस्ट लिहिली, एकच.
आकडा आला चार पूर्णांक एक,
छापलेली हद्द चार पूर्णांक दोन.
"आत आहात," म्हणाले,
आणि कागदाची घडी माझ्या हातात.

आता हद्दीचं आम्हाला कुणी सांगावं?
माझं माहेर अलीकडं, माहेरचं शेत पलीकडं,
बसची पाटी एका लिपीत, तिकिटाचं भांडण दुसऱ्या भाषेत.
रेषेच्या आत आहे म्हणजे सगळं बरं आहे
हे आमच्याकडं शेंबडं पोरही मानत नाही.
मी मात्र मानलं.
वर्षभर मानलं.

मग भिशी लागली.
परशराम म्हणाले, "मिक्सर घेऊया की."
मी म्हटलं, "रक्त तपासून येतो. सगळं."

मंगसुळीबाईंनी आधी गळ्याला हात लावला,
घोटभर पाणी गिळायला लावलं,
चार डॉक्टरांत पहिल्यांदा.
मग लिहीत गेल्या:
टीएसएच, फ्री टी-थ्री, फ्री टी-फोर, अँटीबॉडी,
लोहाचा साठा, बी-ट्वेल्व्ह, डी.
चिठ्ठी पदरासारखी लांबत गेली.

खडेबाजारात माडीवरची लॅब. सकाळचे सात. पोट रिकामं.
"कै चाचरी," शिवलीला म्हणाली.
शीर सापडेना.
तिनं दिवा जवळ ओढला, हात उलटा केला,
बोटानं चाचपत गेली कोपरापासून मनगटापर्यंत
घाई न करता,
आणि मला वाटलं, ही आपल्या कामातली बाई.
"स्वल्प नोवाग्तदरी."
नोवू दे बाई. तीन बाटल्या भर, चार भर.

संध्याकाळी कागद मिळाला. नाव चुकलेलं: प्रेमिला.
आकडे मात्र माझेच.
टीएसएच अकरा पूर्णांक आठ.
टी-फोर तळाला.
अँटीबॉडी सहाशे चाळीस,
जिथं चौतिसाला थांबायला हवं होतं.
जिन्यातच बसले. खाली पेढ्याच्या दुकानात गर्दी.
फोन लावला. "सापडलं."
"काय सापडलं?"
"भोक."
परशराम गप्प. मग म्हणाले, "मग आता?"
मला हसू आलं. दोन वर्षांत
या प्रश्नापर्यंत कुणी आलंच नव्हतं.

आता रोज पहाटे एक बारकी गोळी,
पुढं तासभर चहा नाही.
चुलीकडं बघत बसायचं.
गल्लीतले माग एकेक करून सुरू होतात,
कुठल्या घरचा कुठला, आवाजावरून ओळखते.
अंगठी अजून अडकलेलीच आहे.
सहा आठवड्यांनी पुन्हा हात पुढं करायचाय.

काल जेवणाच्या सुट्टीत
नागव्वा पंखा बंद कर म्हणाली.
मी डबा झाकला. तिच्याकडं नीट बघितलं,
पापण्या, बोटं, गळा,
दिव्याखाली बघतात तसं.
म्हटलं, "उद्या काही खाऊन येऊ नको."