साडेचार व्होल्ट

पहिली जी होती ती सिगरेटसारखीच दिसायची,
टोकाला निळा दिवा, ओढली की लागायचा.
कॅरिसनं आणली, माझ्या लेकीनं,
डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडात धरला त्याच आठवड्यात.
दोन तासांत बॅटरी मान टाकायची.
पोर्ट टॅल्बटच्या भट्टीवर चौतीस वर्षं काढली मी,
आणि हातात ही
केकवरची मेणबत्ती.

म्हणून गेलो स्टेशन रोडच्या दुकानात.
तिथे पूर्वी बेव्हन खाटीक बसायचा.
आकडे अजून छताला आहेत,
आता त्यांना आंब्याच्या, पुदिन्याच्या बाटल्यांच्या जाहिराती टांगल्यात.
काउंटरमागे टोमोस. त्याच्या आजोबाला
पहिल्या रात्रपाळीत मीच दाखवलं होतं
कुठे उभं राहायचं, आणि कुठे कधीच नाही.

"ह्याला खाली चाक आहे, मिस्टर प्रोसर.
तीन पॉइंट तीनपासून चार पॉइंट आठपर्यंत.
कमी ठेवलंत तर चव स्वच्छ,
वाढवलंत तर घशाला लागते."
आणि मग तो मला
व्होल्ट म्हणजे काय ते समजावायला लागला.
मला, जो रसाचा रंग बघून आच सांगायचा,
पांढऱ्याच्या अलीकडचा पिवळा, की त्याच्याही अलीकडचा.
ऐकून घेतलं.
पोराला आठवड्याला सोळाच तास मिळतात.

घरी आलो तर मेन्ना खिडकीशी.
"तुम्ही गॅसचे का?" तिनं विचारलं.

इंग्रजीत हे सांगता येत नाही,
पण आमच्या वेल्शमध्ये तू वेगळा आणि तुम्ही वेगळे.
लग्नाआधी तिसऱ्या भेटीत, समुद्राच्या भिंतीवर,
तिनं मला तू म्हटलं होतं, आणि मग कायम तूच,
भांडणात तर जास्तच.
मी तंबाखू सोडली त्या महिन्यात
तुम्ही सुरू झालं.
डॉक्टर म्हणाले, योगायोग. हा आजार असाच पायऱ्या उतरतो.
असेल.
पण त्या डॉक्टरांच्या कोटाला
कुणी पन्नास वर्षं नाक लावून झोपलेलं नाही.

मग मी चाक फिरवत बसलो.
तीन पॉइंट सातवर तंबाखूच्या नावाची बाटली:
मेन्ना म्हणाली, बेदाणे कुणी आणले?
चारवर कॉफी. काही नाही.
चार पॉइंट दोनवर काहीतरी, ज्याच्या लेबलवर जहाज होतं:
ती शिंकली, आणि अनोळखी माणसासमोर मागावी
तशी माफी मागितली.

मार्चमधला कुठलासा मंगळवार.
टाकी संपत आलेली, माझं लक्ष बातम्यांत,
चाक साडेचारवर.
ओढली आणि वात कोरडीच जळली.
करपलेलं, कडू, जिभेवर राख,
डोळ्यांत पाणी, खोकला थांबेना.

"खिडकी उघड, एम्रिस.
पडदे आत्ता धुतलेत, कळतं का तुला?"

पडदे कॅरिसनं टाकून दिले त्याला तीन वर्षं झाली.
तिथे आता पट्ट्या आहेत प्लास्टिकच्या.
मी खिडकी उघडली.
खाली कुणीतरी कचऱ्याचे डबे ओढत होतं.

टोमोस म्हणाला, कोरडी कधी ओढायची नाही,
छातीला वाईट, कॉइल लगेच बदला.
बदलली. नव्या पाच घेतल्या.
जळकी फेकली नाही. तंबाखूच्या डबीत आहे,
पत्र्याला अजून वास आहे तिथे.

रोज नाही.
रविवारी, कॅरिस येऊन गेल्यावर,
जुनी कॉइल बसवतो, चाक साडेचारवर आणतो.
एकच झुरका.
कधी ती म्हणते, खिडकी उघड.
कधी म्हणते, तुम्ही कुणाकडे आलात?

दोन्ही वेळा मी उठतो
आणि खिडकी उघडतो.