दाराची कड

टॉडमॉर्डनच्या ओलीनं दार फुगलं.
ऑक्टोबरपासून ऋजुताची खोली मिटत नाही.
ती आपटते, दार चौकटीत अडतं,
चार बोटं फटीतून
तिचा राग जिन्यावर सांडत राहतो.

शेजारचा नॉर्मन अ‍ॅकरॉइड, चाळीस वर्षं सुतार.
विजेचा रंधा त्यानं तान्हं पोर द्यावं तसा दिला.
"दोन्ही हातांनी. एक हात मोकळा राहिला
की तो नको तिथं जातो."

दार बिजागऱ्यांतून काढून अंगणात आडवं, शिकंज्यात घट्ट.
जुन्या रंगात शिसं असतं,
म्हणून कड आधी ओली करून खरवडली,
पोपडे पिशवीत बांधले.
मग लोहचुंबक फिरवला. एका जागी तो चिकटला:
कुणी, कधी, काय टांगायला ठोकलेला खिळा.
पक्कडीनं निघाला, वाकडा, सबंध.

बाह्या वर. वेणी स्वेटरच्या आत.
डोळ्यांना चष्मा, कानांना झाकणं, नाकाला मास्क.
प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा,
मगच पात्याची खोली ठरवायची.
"अर्धा मिलिमीटर," तो म्हणाला,
"आणि घाई असेल तर पाव."

वायर खांद्यावरून मागे टाकली, पदरासारखी.
आधी पूर्ण वेग येऊ द्यायचा, मग लाकडाला टेकायचं.
सुरुवातीला भार पुढे, शेवटाला मागे,
नाहीतर टोक खचतं.
"शिरेच्या अंगानं जा. उलट गेलीस तर उचकटेल."
मी मान वर केली.
तो दाराबद्दलच बोलत होता.

ढलप्या उडाल्या, पिवळ्या, कुरळ्या,
नव्वद वर्षं रंगाखाली कोंडलेला राळेचा वास.

बटण सोडलं आणि रंधा खाली ठेवणार,
तोच तो ओरडला.
डाव्या तर्जनीचं पेर नसलेला हात पुढे केला:
"हे चालू मशीननं नाही नेलं.
बंद केलेल्यानं नेलं."

उभे राहिलो दोघं, रंधा हातात तसाच.
घरघर, मग सुरसुर,
मग कालव्याचं पाणी ऐकू आलं.
"आता ठेव."

काल रात्री मीही म्हणाले होते, विषय संपला.
आणि लगेच
तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

दुपारी दार परत बसवलं.
संध्याकाळी ती शाळेतून आली, वर गेली, दार लावलं.
खट्. एवढंच.
मी जिना झाडत होते. तिसऱ्या पायरीवर बसले,
केरसुणी मांडीवर, वर गेले नाही.

उघडी कड पुन्हा ओल पिते, नॉर्मन म्हणाला होता,
आठवड्याच्या आत रंग लाव.
हे मी जिन्यातूनच, दाराकडे न बघता सांगितलं.
बराच वेळ काही नाही.
मग आतून:
कोणता रंग?