एफ चार

पॅनलवरची सगळी बटणं सारखी झिजत नाहीत.
एफ सहा, कूलंटचं, अजून स्पष्ट आहे,
एफ दोनवरचा आकडा अर्धा उरलाय,
आणि तो मागे वळणारा बाण,
तो तर बोटांनी चाटून खाल्लाय.
कुडाळच्या एमआयडीसीतून समुद्र दिसत नाही,
पण शटरखालून येतो रोज थोडा थोडा
आणि रबराखाली जाऊन बसतो.
म्हणून एफ चार दाबलं तरी
कधी लागतं, कधी नाही.

एफ चारचं आणखी एक आहे.
प्रोग्रामच्या पानावर ते म्हणजे पुसा.
ऑफसेटच्या पानावर तेच म्हणजे मिळवा.
पास्कू मिस्त्रींनी चाळीस वर्षं
लेथच्या चाकावर हातानं माप धरलं.
हे मशीन आलं त्या दिवशी चष्मा वर करून म्हणाले,
"फंक्शन की? म्हंजे लग्नातला फंक्शन?
एकाच हॉलात सकाळी बारसा, दुपारी बारावा,
तसाच मा ह्या?"
मी हसले.
पण तसंच आहे ते. कुठल्या पानावर उभे आहात
ते आधी बघायचं.

शाफ्ट निवतीच्या पुनाजी खवणेकरांचा.
बंदी उठायला नऊ दिवस.
हवं होतं चाळीस, भरलं ४०.२०.
वजा शून्य पॉइंट वीस टाकलं,
एफ चार दाबलं.
लागलं नाही असं वाटलं.
पुन्हा दाबलं.

आकडा वाचला नाही मी.

कातण्याचा आवाज नेहमीपेक्षा जाड आला.
कानाला कळलं होतं, बोट स्टार्टवरून निघून गेलं होतं.
मायक्रोमीटर लावला. ३९.८०.
फडक्यानं पुसून पुन्हा लावला. ३९.८०.
गरम असेल म्हणून थांबले, कंटाळेपर्यंत थांबले.
थंड झाल्यावर ३९.७९.

तेव्हा मी तो बाण दाबला.
काय म्हणून दाबला, विचारू नका.
स्क्रीन बिचारी गुणाची,
एकेक पाऊल मागे गेली,
दुसरी वजाबाकी गेली, पहिली गेली,
सकाळी चहाआधी टाकलेली ओळसुद्धा गेली,
सगळं कसं कोरं.
खाली ट्रेमध्ये कीस तसाच पडलेला,
कुरळा, चंदेरी, कूलंटात भिजलेला.

पास्कू मिस्त्री ओरडले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी चिमटीत कीस घेतला,
"ह्यो काय आता परत चिकटाचो नाय,"
आणि आपल्या जुन्या लेथवर गनमेटलचा तुकडा बांधला.
"बुश ह्येच्या मापान करूया."
संध्याकाळपर्यंत बुश शाफ्टवर असा सरकला
की जणू चाळीस कधी कोणाला नकोच होतं.
मग पंच घेऊन शाफ्टच्या टोकावर
एकेक आकडा ठोकला. तीन. नऊ. सात.
"शेवटचो नऊ पण?"
"नऊ पण. फुडल्या मेस्त्रीक कळाक होया.
आमी आसू, नसू."

पुनाजी टेम्पो घेऊन आले.
आकड्यावरून अंगठा फिरवला. "ह्या काय?"
मी सांगितलं. एफ चार, दोनदा, सगळं.
त्यांनी ऐकून घेतलं, विडी कानावर ठेवली.
"माझ्या होडयेत सरळ असा खंय काय?
चलात मा?"
"चलात."
"मगे बांध."
पैसे मात्र मोजताना दोनशे कमी दिले,
आणि पास्कू मिस्त्रींनी ते
माझ्याकडे न बघता खिशात घातले.

मावसबहिणीच्या फंक्शनातलं नेलपॉलिश
पर्समध्ये उरलं होतं, गुलाबी.
दुसऱ्या दिवशी एफ चारवर एक ठिपका दिला.
बोट तिथं जरा थांबतं आता. जरा.
बाणावर काही लावलं नाही.
तो अंधारातही सापडतो.