बावन्न नंबरची साल

पापा मेलातागियांनी राफियाच्या पिशवीतून आणली होती,
ओलसर, तांबडी, तुरट वासाची.
झाडाचं नाव त्यांच्या तोंडी एक, आमच्या वहीत लॅटिनमधलं दुसरं,
बाटलीवर नुसतंच बावन्न.

सावलीत वाळवली, दळली,
तीन दिवस मिथेनॉलमध्ये भिजत घातली.
गाळून आटवल्यावर पाव किलोतून उरला
काकवीसारखा चिकट, काळा, अकरा ग्रॅमचा गोळा.

पहिल्या परीक्षेत द्रावण जांभळं असतं.
अर्धा तास अंधारात ठेवून ते पिवळं पडलं
तर जिंकलो.
पडलं. इतकं, की एर्मीन म्हणाली,
उद्यापासून कॉफी बंद, हेच पिऊ या.

दुसरीत सगळं उलटं.
पिवळं आपण घालायचं, आणि जिवंत पेशी
त्याचं जांभळं करतात.
जांभळं म्हणजे कर्करोग अजून धडधाकट.
शहाण्णव खळगे, मसुरीच्या डाळीएवढे,
आणि बुधवारी चांगभर वीज गेली.
जनरेटरचं डिझेल मी माझ्या पगारातून आणलं,
कारण फुप्फुसाच्या त्या पेशी,
माझ्या जन्माआधी वारलेल्या कुणा बाईच्या,
सदतीस अंशांखाली रुसतात.

शुक्रवारी पाहिलं.
बावन्नच्या रांगा पिवळ्याच!
मी ओरडले नाही. शेजारची ताटली काढली,
निरोगी पेशींची.
तीही पिवळी.

साल मारते. कुणाला, ते तिला ठाऊक नाही.
हे वाक्य अहवालात बसत नाही,
तिथे मी एक दशांश अपूर्णांक लिहिला.

फोनवर पलीकडे कोंबड्या, कुणी लाकडं फोडतंय.
"किती घातलंस?" पापांनी विचारलं.
मी मायक्रोग्रॅम सांगितले.
"म्हणजे चमच्याने किती?"
कागदावर हिशेब मांडला, खोडला, पुन्हा मांडला.
"एका माणसाला... अर्धी पिशवी."
"मी अर्धा चमचा देतो, पोरी.
आणि तोही गुडघ्यावर लेप म्हणून.
गाठीवर देतो, असं कोण म्हणालं तुला?"

वही काढली.
उपयोगाच्या रकान्यात, काळ्या शाईत, माझंच अक्षर: सूज.
पुढे निळ्या शाईत, गिचमिड: गाठ.

निळं पेन मी याउंदेला घेतलं होतं,
आईच्या एक्स-रेच्या रांगेत,
फॉर्म भरायला.