जवळ्याचं पाणी

क्षारानं पांढरी पडलेली सव्वा एकर.
ऊस तग धरीना, तेव्हा तळं खोदलं
सदलग्याच्या अलीकडं, दूधगंगेच्या अंगाला.
आता तीन हजार मरळी
दिवस उगवायला काठाशी येऊन माझी वाट बघतात
आणि मी आणलेलं थुंकतात.

लगेच नाही थुंकत.
गोळी घेतात, गालात धरतात,
पाव्हण्यानं बिनसाखरेच्या चहाचा घोट धरावा तशी,
मग हळूच सोडून देतात पाण्यात.
लगमाण्णा म्हणतो, "ब्याड म्हणत्यात, अक्का."

मासळीच्या पिठाचं पोतं परवडेना,
म्हणून सोयाची पेंड आणली
जिनगोंडा काकांच्या रानातली.
काका बांधावर उभं राहून हसले,
"मरळीला चातुर्मास लावलास की गं!"

परवा रात्री कंदिलाशी बसून
मी स्वतःच एक गोळी चावली.
आधी कच्च्या शेंगेचा वास,
मग भिंतीच्या चुन्यासारखं काहीतरी,
आणि पार जिभेच्या मुळाशी एक कडवटपणा
जो दोन तांबे पाणी पिऊनही गेला नाही.
म्हटलं, बरोबर आहे तुमचं.

मग पेंड भाजून बघितली.
ताकात घालून दोन रात्री आंबवली,
झाकण उघडलं तर कुत्रं उठून लांब गेलं.
कारखान्याची मळी घातली, तिच्यावर माश्याच जास्त आल्या.
लसूण घातला:
मरळी थोड्या वळल्या,
काका मात्र बांधावरनं उठून गेले.

शेवटी निपाणीच्या बाजारातनं पावशेर जवळा.
उकळून त्याचं पाणी
आंबवलेल्या पेंडीच्या गोळ्यांवर शिंपडलं, नुसता हबका,
लग्नात गुलाबपाणी मारतात तेवढाच.

पाणी एकदम फुटलं.
शेपट्या, तोंडं, चिखल,
लगमाण्णाची टोपी भिजली, तो ओरडतोय,
"बेकंत! बेकंत!"
काका लांबून विचारतायत काय झालं,
आणि मला सांगता येईना
की त्यांच्या सोयाला कसला वास लावलाय.

फक्त त्या दगडापाशी एक आहे, हाताएवढी,
दोन वर्षांची, मासळीच्या पिठावर वाढलेली.
तिनं गोळी घेतली.
गालात धरली.
लगमाण्णा काहीतरी बोलणार होता,
मी हातानंच थांबवलं त्याला.
अजून धरून आहे.