इन्नू

अडकित्त्यानं मी आता सुपारी कातरत नाही,
गोळी कातरतो.
साखरेची. पांढरी, लांबट, घशात पाचर बसावी अशी.
अर्धी आत्ता, अर्धी रात्री जेवल्यावर.

खानापूरच्या कोर्टात एकतीस वर्षं दुभाषी होतो मी,
गुंडू मुतगेकर.
नंदगडच्या म्हातारीची मराठी
साहेबांच्या कन्नडात नेऊन ठेवायची,
साहेबांचा प्रश्न परत तिच्या ओट्यात.
एक शब्द सांडायचा नाही,
एक पदरचा घालायचा नाही.

परवा चुलीपाशी उभा राहून म्हणालो, ईळगी दे.
चांगुणानं विळी दिली.
तिला काही वाटलं नाही, तिचं माहेर हुक्केरीचं.
मला वाटलं.
विळी हा शब्द मी शोधत होतो
जुन्या फायलींच्या खोलीत, लाईट गेलेली.

दोन्हीकडे एकच असलेले शब्द अजून ठणठणीत आहेत :
जामीन, कचेरी, अर्जी, साक्षी.
त्यांना जायचंच झालं तर दोन दारांनी जावं लागेल.
बाकीच्यांचं काही सांगता येत नाही.

अंगडी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणी म्हणतात
हीच गोळी डोक्याचं म्हातारपणही जरा थोपवते.
चौकशी चालू आहे, मोठमोठ्या ठिकाणी.
काहींच्यात दिसलं, काहींच्यात नाही.
काहींचं एक जीवनसत्त्व कमी होऊन
उलट विसरायलाच झालं,
तेवढं रक्त तपासून घ्या.
म्हणजे तीच साक्षीदार आणि तीच आरोपी.
मी विचारलं, मग खरं काय?
त्या म्हणाल्या, इन्नू गोत्तिल्ल.

ते 'गोत्तिल्ल' किती वेळा नेलंय मी पलीकडे!
बांधावर कोण होतं, माहीत नाही.
सही कुणाची, माहीत नाही.
वकील घाई करायचे, पुढं चला की ओ मुतगेकर.
पण 'इन्नू' म्हणजे मोहरीएवढा शब्द,
कारकून लिहिता लिहिता हमखास गाळायचे.
मी उभा राहून परत घालायला लावायचा.
इन्नू म्हणजे अजून.
त्यानं निकाल लागत नाही.
तारीख पडते.

चांगुणा विचारते, काय म्हणाली डॉक्टरीण?
मी शब्दाला शब्द ठेवतो :
अजून माहीत नाही.
'अजून' जरा मोठ्यानं.
ती म्हणते, मग गिळा की.

उरलेली अर्धी उडून
सुपारीच्या रिकाम्या डबीत पडलेली,
काताच्या जुन्या भुकटीनं
एका बाजूनं तांबूस.