शेफील्ड

खेळ थांबला की माझं काम सुरू.
तीन हात रुंद मॉप, बारा सेकंद,
शिट्टीच्या आत बाहेर.
कोण कुठे पडलं ते मला लाकडावरून कळतं.
घामाच्या डागाला नंबर नसतो,
पण आकार असतो.

कर्टिस ओफोरीचा डाग लांबट, उजव्या खांद्याकडून ओढलेला.
सहा फूट सात इंच.
घणसोलीत त्याच्या मापाचा पलंग मिळाला नाही,
म्हणून गादी जमिनीवर, पाय गॅलरीच्या उंबऱ्यावर.
पहिले आठ दिवस पोरं विचारायची, वर हवा कशी आहे?
मग तीही कंटाळली,
आणि नारळवाला त्याला "काय ओफोरी" म्हणायला लागला,
जसं काही हे आडनाव गोठिवलीचंच.

कॉलेजची चार वर्षं अमेरिकेत,
कुठल्याशा बर्फाच्या गावात.
शिक्षण फुकट, बूट फुकट,
बाकावरची तिसरी जागा कायमची.
नंतर दीड वर्ष विलायतेत, एका गोदामात,
फोन वाजायची वाट बघत खोकी उचलली.
गुडघे वाकवायचे, पाठ नाही.
रिबाउंडलाही तेच, म्हणाला.
"तिकडे टाळ्या मिळायच्या. इथे पगार मिळतो."
जरा थांबून: "कधीकधी."
एवढं इंग्रजी मला येतं.
माझेही दोन महिने थकलेत.

सकाळी सहाला तो एकटा येतो.
रबाळ्याकडून कंपन्यांचा आंबूस वास अजून हॉलभर असतो.
दोनशे फ्री थ्रो.
मी बास्केटखाली उभा राहून चेंडू परत टाकतो,
सुरुवातीला दोन्ही हातांनी,
टेम्पोतून कलिंगड उतरवावं तसा.
एकदा विचारलं, गाव कुठलं?

"शेफील्ड."

चेंडू माझ्या हातातच राहिला.
हा शब्द मला पाठ होता.
दिघ्याला बाबांच्या दुकानात, आरशाखालच्या खणात,
खोबरेल लावून फडक्यात गुंडाळलेला आजोबांचा वस्तरा,
त्याच्या देठावर तो कोरलाय, निम्मा झिजलेला.
इंग्रजी अक्षरं मी शाळेच्या आधी तिथे शिकलो,
एसपासून सुरुवात करून.

त्याचा आजोबा घानाहून येऊन
त्याच गावात पोलादाच्या भट्टीवर लागला.
भट्टीच्या जागी आता मॉल आहे.
मी म्हटलं, माझ्या काकाच्या कंपनीच्या जागी
सर्व्हरची इमारत आहे,
एकही खिडकी नसलेली.
यावर तो इतका हसला की एक फ्री थ्रो चुकला.

रविवारी त्याला दुकानात नेलं.
खुर्ची तळाला टेकवली तरी कपाळ आरशाबाहेर.
बाबांनी दाढी नव्या ब्लेडने केली,
वस्तरा फक्त दाखवला.
त्याने धार बघितली नाही.
अंगठ्याने अक्षरं चाचपली, आंधळ्यासारखी,
आणि बराच वेळ परत दिला नाही.

बाबांनी ऐंशी रुपये घेतले.
मी घरी येईपर्यंत धुमसत होतो.
"पाहुणा असता तर घेतले नसते," बाबा म्हणाले,
"तो कामावर आलाय."

सेमीफायनलला नऊ सेकंद उरलेले, एक पॉइंट मागे,
त्याला दोन फ्री थ्रो.
रेषेवर उभा राहिला, खाली बघितलं,
आणि बोटाने मला बोलावलं.
माझा एक डाग राहिला होता.
अख्खा हॉल गप्प.
मी वाकून पुसत असताना तो हळूच म्हणाला,
"घाई नको. ऐंशी रुपये."
पहिला आत गेला.
दुसऱ्याच्या वेळी मी मॉप घेऊन पाठमोरा चालत होतो,
नुसती कडी वाजलेली ऐकली.

आता तो सायप्रसला आहे म्हणतात.
त्याचे थकलेले निघाले का, माहीत नाही.
माझे निघाले, अर्धे.

फ्री थ्रोच्या रेषेमागे त्याच्या बुटांचे दोन काळे वळ आहेत.
थिनर लावला तर जातील,
सुपरवायझर रोज सांगतो.